ओझोन : आकाशांतला व घरांतला

शब्दांनाही पुण्याई असते. एखादें नांव एकदां चांगल्या संगतींत कानांवर पडलें, म्हणजे पुढें तें कोठेंही भेटलें तरी मन त्याच्या स्वागतास सिद्ध होतें. ‘ओझोन’ हें असेंच एक नांव आहे. आमची सारी नोकरी ज्या शाळेंत गेली तेथें दर वर्षीं १६ सप्टेंबरला ओझोन-दिन होत असे. आमचा विषय संस्कृत; तरी मुलांनीं काढलेलीं चित्रें भिंतीवर लावण्याचें काम बहुधा आमच्याकडेच येई. बहुतेक चित्रांत एक पृथ्वी, तिच्यावर एक निळी छत्री, आणि छत्रीवर आदळून माघारे फिरणारे सूर्याचे बाण असत.

हीं चित्रें खोटीं नव्हतीं. जमिनीपासून सुमारें १५ ते ३५ किलोमीटर उंचीवर ओझोन वायूचा विरळ थर आहे, आणि सूर्याच्या अतिनील किरणांतील अपायकारक भाग तो शोषून घेतो. थर म्हणावयाचा इतकेंच; तो सगळा गोळा करून खालीं आणला व भूपृष्ठावरील हवेच्या दाबाखालीं पसरला, तर त्याची जाडी जेमतेम ३ मिलिमीटर भरेल. एवढ्याशा आच्छादनाखालीं सारी जीवसृष्टि नांदत आहे. शीतकपाटांत वापरल्या जाणाऱ्या कांहीं रसायनांनीं त्याचा क्षय होऊं लागला, तेव्हां १६ सप्टेंबर १९८७ रोजीं मॉन्ट्रियल येथें राष्ट्राराष्ट्रांत करार झाला. त्याचें स्मरण म्हणून हा दिन पाळतात. भारतीय हवामान खात्यांतील ॲना मणी या विदुषींच्या नेतृत्वाखालीं वातावरणांतील ओझोन मोजणारें उपकरण आपल्याच देशांत तयार झालें, हेंही आम्ही मुलांना अभिमानानें सांगत असूं.

परंतु चित्रांतल्या त्या छत्रींत एक गोष्ट मावत नाहीं. ओझोन आपलें रक्षण करितो तो आपल्यापासून दूर आहे म्हणून. तोच खालीं उतरून आपल्या श्वासांत आला तर त्याचें वर्तन अगदीं उलट होतें. कुंकू कपाळीं असतां मंगल. डोळ्यांत गेलें तर डोळा लाल होऊन पाणी वाहूं लागतें. कुंकू बदललें नाहीं, जागा बदलली. हा भेद मनांत नीट ठसला नाहीं म्हणजे काय होऊं शकतें, हें सांगण्यासाठीं आज लेखणी उचलली आहे. कारण चित्रें काढणारीं तीं मुलें आतां स्वतः आईबाप झालीं आहेत, आणि घरांतील हवा शुद्ध करणारीं यंत्रें त्यांना याच नांवाच्या पुण्याईवर विकलीं जात आहेत.

विषय निघाला तो घरांतूनच. आमचे धाकटे बंधु घाटाखालीं खामगांवांत असतात. आमचें बुलढाणें घाटावर, डोंगराच्या वाऱ्यांत. खामगांव खालीं, काळ्या मातीच्या व कापसाच्या मुलखांत. १८७० सालीं तेथें आगगाडी नेली ती कापसासाठींच. आजही हंगामांत जिनांच्या आसपास सरकीचा बारीक तंतु हवेंत तरंगत असतो, आणि वेंचणी आटोपली कीं शेतांत पेटविलेल्या पऱ्हाट्यांचा धूर त्याच्या जोडीस येतो. बंधूंच्या नातीस, सहा वर्षांच्या पोरीस, बालदमा आहे. गेल्या हिंवाळ्यांत एक विक्रेता यंत्र घेऊन त्यांच्या घरीं आला, आणि त्याच संध्याकाळीं सूनबाईंनीं आम्हांस दूरध्वनि केला.

“मोठे काका, यंत्र चालू केल्याबरोबर खोलींत वीज चमकून पाऊस पडून गेल्यासारखा वास येतो. ते गृहस्थ म्हणतात, हा ओझोन. यानें जंतु मरतात, दुर्गंधि जाते, डोंगरावरची हवा घरांत येते. दोन दिवस वापरून पाहा म्हणून यंत्र ठेवून गेले आहेत. चिमीसाठीं घ्यावेंसें वाटतें. तुम्ही काय म्हणतां?”

“आज रात्रीं तें चिमीच्या खोलींत लावूं नका,” आम्हीं सांगितलें, “आणि ते दोन दिवस आम्हांस द्या.”

त्या दोन दिवसांत आम्ही आमच्या शाळेंतील विज्ञानाच्या शिक्षकांकडे बसलों, मिळालें तें वाचलें, आणि चिमीच्या डॉक्टरांशीं बोललों. त्यांतून जें हातीं लागलें तें इतर कुटुंबांसही उपयोगी पडेल असें वाटल्यावरून येथें मांडीत आहों.

आपण जो प्राणवायु घेतों त्याच्या एका रेणूंत दोन अणु असतात. ओझोनच्या रेणूंत तीन. हा तिसरा अणु स्वस्थ बसणारा नव्हे. जें भेटेल त्याला जाऊन चिकटावें व त्याची घडण मोडावी, हा त्याचा स्वभाव. जंतूच्या आवरणाशीं गांठ पडली तर तें तो फोडतो. रबराशीं पडली तर रबरास चिरा पडतात. आणि श्वासाबरोबर आंत गेला तर फुप्फुसाच्या नाजूक अस्तराशीं तो तेंच करितो. जंतु परका आणि फुप्फुस आपलें, हा विवेक त्याच्यापाशीं नाहीं. घशाची आग, खोकला, छातींत दुखणें, श्वास अपुरा पडणें हे त्याचे परिणाम; दमेकऱ्यास तर तो झटका आणूं शकतो. मुलें आपल्या वजनाच्या मानानें मोठ्यांपेक्षां अधिक हवा आंत घेतात, म्हणून त्यांना भयही अधिक. ज्या मुलीचा दमा कमी व्हावा म्हणून यंत्र आणावयाचें, त्याच मुलीस तें यंत्र धाप लावूं शकतें.

हा मोह मात्र आजचा नव्हे. १८४० सालीं स्वित्झर्लंडमधील बाझल येथें शेनबाइन या रसायनज्ञानें विजेच्या प्रयोगांत येणाऱ्या एका विशिष्ट वासावरून हा पदार्थ ओळखला, आणि ‘वास येणें’ या अर्थाच्या ग्रीक धातूवरून त्याचें नांव ठेविलें. पुढें युरोपांत असा समज पसरला कीं समुद्रकांठच्या हवेंत ओझोन असतो व त्यामुळें ती आरोग्यकारक असते. वास्तविक समुद्राचा तो वास बहुतांशीं सूक्ष्म जलवनस्पतींपासून निघणाऱ्या गंधकयुक्त वायूचा असतो. विसाव्या शतकाच्या आरंभीं ओझोनचीं यंत्रें विकावयास आलीं, तेव्हां शिकागो येथील जॉर्डन व कार्लसन या शास्त्रज्ञांनीं त्यांची परीक्षा केली. माणसास सोसेल एवढ्या ओझोननें हवेंतील जंतु भरंवशानें मरत नाहींत, आणि दुर्गंधि नष्ट होण्याऐवजीं बहुधा झांकली जाते, असा त्यांचा निष्कर्ष १९१३ सालींच प्रसिद्ध झाला. शंभरांहून अधिक वर्षें लोटलीं. निष्कर्ष पालटला नाहीं आणि विक्रीही थांबली नाहीं.

आतां थोडा हिशेब करूं, कारण या विषयांत ‘थोडासा ओझोन’ हे शब्द फार फसवे आहेत. आपल्या देशांत २००९ सालीं ठरविलेल्या मानकांप्रमाणें बाहेरच्या हवेंत आठ तासांच्या सरासरीनें एका घनमीटरमागें १०० मायक्रोग्रॅमहून अधिक ओझोन नसावा. हें प्रमाण म्हणजे हवेच्या दशलक्ष भागांत सुमारें ०.०५ भाग. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया राज्यानें घरगुती यंत्रांस हीच ०.०५ ची मर्यादा घातली. तिकडे कायदा २००६ सालीं झाला व नियम २०१० सालीं अमलांत आला. आतां यंत्रें काय करितात तें पाहा. १९९१ सालच्या एका अमेरिकन तपासणींत, मोठ्या जागेसाठीं बनविलेलें एक ओझोन-यंत्र ३५० चौरस फुटांच्या खोलींत पूर्ण जोरानें चालविलें असतां ओझोनचें प्रमाण ०.५० ते ०.८० पर्यंत गेलें. म्हणजे मर्यादेच्या दहापट ते सोळापट! आपल्या घरांतील निजावयाची खोली बहुधा दीडशें चौरस फुटांहून मोठी नसते, हें लक्षांत ठेवावें.

म्हणजे पेंच असा : माणसास सोसेल इतका ओझोन सोडला तर तो जंतूंचें फारसें वांकडें करीत नाहीं, आणि जंतु मरतील इतका सोडला तर माणसानें त्या खोलींत राहतां कामा नये. ओझोनचे न्याय्य उपयोग आहेत, नाहींत असें नाहीं. फ्रान्समधील नीस शहरीं १९०६ सालापासून पिण्याचें पाणी ओझोननें शुद्ध करूं लागले. तेथें ओझोन बंद टाकींत आपलें काम करितो, आणि पाणी घरीं येईपर्यंत त्याचा पुन्हा प्राणवायु झालेला असतो. माणसें नसलेल्या जागेंत जाणत्या हातानें त्याचा वापर करणें निराळें, आणि पाळण्याशेजारीं यंत्र लावून दार ओढून घेणें निराळें.

विक्रेत्यानें एक प्रयोगही दाखविला होता. कांचेच्या पेटींत उदबत्तीचा धूर भरावयाचा व आंतील उपकरण सुरू करावयाचें. पाहतां पाहतां धूर नाहींसा होतो. पाहणारा थक्क होतो, परंतु त्यांत चमत्कार नाहीं. अशीं उपकरणें हवेंतील कणांस विद्युद्भार देतात. भारित कण जवळच्या कांचेस जाऊन चिकटतात. पेटी आंतून पुसली तर काजळी बोटास लागेल. मोठ्या खोलींत हेच कण भिंती, पडदे व पांघरुणें यांवर बसतात आणि झटकलें कीं पुन्हा उडतात. शिवाय अशा विद्युत्क्रियेंत थोडाफार ओझोन आपोआप निर्माण होतो, विक्रेता त्याचें नांव घेवो वा न घेवो. नुसत्या ओझोनची तर धुळीशीं, कापसाच्या तंतूशीं वा परागाशीं कांहींच मात्रा चालत नाहीं. तो त्यांना हवेंतून काढून टाकीत नाहीं.

वासाविषयींही सावध असावें. ओझोन हुंगीत राहिलें कीं नाक लवकर बधिर होतें. दुर्गंधि गेली असें वाटतें तेव्हां पुष्कळदां गेलेलें असतें तें आपलें गंधज्ञान. म्हणून ‘आतां वास येत नाहीं, अर्थी ओझोन उरला नाहीं’ हा तर्क खरा नव्हे. त्यांतून फरशी पुसण्याच्या द्रवांत लिंबाचा किंवा देवदाराच्या जातीच्या झाडांचा सुवास असतो. त्या सुगंधी द्रव्यांशीं ओझोनची क्रिया होऊन फॉर्मॅल्डिहाइडसारखे त्रासदायक पदार्थ व अतिसूक्ष्म कण तयार होतात. दोन ‘स्वच्छ’ वास एकत्र आले आणि हवा अधिक मलिन झाली, असा हा प्रकार आहे.

मात्रा आणि स्थान यांचा हा धडा आपल्या जिल्ह्यानें नुकताच दुसऱ्या रीतीनें घेतला आहे. डिसेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ या काळांत शेगांव तालुक्यांतील कांहीं गांवांत माणसांचे केस अकस्मात् झडूं लागले. बायका-मुलें भयभीत झालीं. प्रथम संशय पाण्यावर गेला. पुढें डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीं आपल्या तपासणीवरून सांगितलें कीं तेथील लोक जो गहूं खात होते त्यांत सेलेनियम या द्रव्याचें प्रमाण फार होतें. सेलेनियम शरीरास लागतें, पण अत्यल्प. अधिक झालें कीं तेंच बाधतें. पदार्थाचें नांव चांगलें कीं वाईट हा प्रश्नच अपुरा आहे; किती, कोठें आणि कोणासाठीं, हें विचारल्यावांचून उत्तर मिळत नाहीं.

मग घरांत यंत्र घ्यावेंच कीं नाहीं? कोणाच्या घरीं दमेकरी असेल आणि बाहेर धूर व धूळ असेल तर अवश्य विचार करावा. २०१९ सालीं केंद्र सरकारनें शुद्ध हवेचा जो राष्ट्रीय कार्यक्रम आरंभिला त्याच्या यादींत आमच्या शेजारचीं अकोला, जळगांव व जालना हीं शहरें आहेत. हवा कांहीं जिल्ह्याची शीव पाहून थांबत नाहीं. मात्र घेतांना पुढील गोष्टी विचाराव्यात.

पहिली गोष्ट, यंत्र ओझोन करितें काय. जाहिरातींत ‘सक्रिय प्राणवायु’, ‘ॲक्टिव्ह ऑक्सिजन’, ‘ओ-थ्री’ असे शब्द आले तर तो ओझोनच समजावा. ‘आयोनायझर’ वा ‘प्लाझ्मा’ असेल तर तो भाग कायमचा बंद ठेवतां येतो कीं नाहीं हें पाहावें. अतिनील दिवा असल्यास तो कोणत्या लांबीचे किरण देतो हें विचारावें; २५४ नॅनोमीटरच्या किरणांनीं ओझोन होत नाहीं, १८५ च्या किरणांनीं होतो. आम्हीं त्या विक्रेत्यास दूरध्वनीवर एकच प्रश्न केला : “हें यंत्र बंद खोलींत तासभर चाललें तर ओझोन किती होतो?” माणूस सालस होता, पाठ केलेलें सांगत होता, परंतु या प्रश्नाचें उत्तर ना त्याच्यापाशीं होतें, ना त्याच्या पुस्तिकेंत.

दुसरी गोष्ट, प्रमाणपत्र. कॅलिफोर्नियाच्या हवा-नियामक मंडळाची मान्यता असेल तर ओझोन ०.०५ च्या आंत आहे एवढें कळतें. शून्य आहे असें कळत नाहीं. ‘यू. एल. २९९८’ हें प्रमाणपत्र त्याहून कडक असून त्याची मर्यादा ०.००५ आहे. दमेकऱ्याच्या घरीं हें दुसरें पाहावें.

तिसरी गोष्ट, गाळणी. जुनी व साधी युक्ति तीच खरी : पंख्यानें हवा ओढावी, दाट गाळणींतून न्यावी आणि परत सोडावी. ‘हेपा’ नांवाची गाळणी ०.३ मायक्रॉन आकाराचे ९९.९७ टक्के कण अडविते. वासासाठीं तिच्यामागें सक्रिय कोळशाचा पुरेसा जाड थर असावा. गाळणी किती महिन्यांनीं बदलावी लागते, तिची किंमत काय, आणि ती आपल्या गांवीं मिळते का, हें यंत्राच्या किंमतीइतकेंच महत्त्वाचें आहे.

चौथी गोष्ट, खोलीचें गणित. यंत्रावर शुद्ध हवेचा दर लिहिलेला असतो, त्यास ‘सी. ए. डी. आर.’ म्हणतात. खोली १२ फूट लांब, १२ फूट रुंद व १० फूट उंच धरली तर तींत १,४४० घनफूट हवा मावते. ती तासांत पांच वेळां गाळली जावी असें धरलें तर ७,२०० घनफूट, म्हणजे सुमारें २०४ घनमीटर, हा दर हवा. यंत्रावर याहून फार कमी आंकडा असेल तर तें त्या खोलीस पुरणार नाहीं. हा हिशेब सातवीचा विद्यार्थी करील. घरांतील मुलांकडूनच करवून घ्यावा.

आणि यंत्राच्याही आधीं घरांतील धुराचीं उगमस्थानें पाहावीं. हें लिहितांना कांहीं वाचक रागावतील हें आम्ही जाणून आहों. परंतु बंद देवघरांतील उदबत्ती, कापूर व धूप, स्वयंपाकघरांतील फोडणी, आणि रात्रभर जळणारी डांसांची कुंडली, यांचा धूर धूरच असतो. भक्तीस बाध न येतां आरतीच्या वेळीं खिडकी उघडी ठेवतां येते. समई लावून उदबत्ती कमी करितां येते. डांसांसाठीं मच्छरदाणी लावतां येते. फोडणीच्या वेळीं धूर ओढून घेणारा पंखा लावावा आणि दमेकरी पोरास स्वयंपाकघरांतून बाहेर बसवावें. बाहेर जळणाचा धूर नसेल त्या वेळीं समोरासमोरच्या खिडक्या उघडल्या तर तेवढी हवा कोणतेंही यंत्र फुकट देणार नाहीं. ज्यांच्या घरीं ओझोनचें यंत्र आधींच आलेलें आहे त्यांनीं तें बंद करून खिडक्या उघडाव्यात, आणि कोणास खोकला वा धाप लागत असेल तर डॉक्टरांस दाखवावें.

खामगांवचें तें यंत्र तिसऱ्या दिवशीं परत गेलें. “पण मोठे काका, तो वास किती ताजा होता!” असें सूनबाई हळहळून म्हणाल्या, आणि त्यांची हळहळ आम्हांस समजूं शकते, रात्रीं पोरीच्या छातींतील घरघर ऐकत बसलेल्या आईस कोणीही आशा दाखविली तरी ती तिकडे धांवतेच. पुढें गाळणीचें, ओझोन न करणारें साधें यंत्र आलें. त्यास कसलाच वास नाहीं. त्यानें दमा बरा झाला असें आम्ही म्हणणार नाहीं. यंत्र हें औषध नव्हे. डॉक्टरांनीं दिलेला श्वासावाटे घ्यावयाचा फवारा पूर्ववत् चालू आहे आणि चालूच राहील.

घरोघरच्या वडीलधाऱ्यांस आमची विनंति एवढीच. घरांत आलेल्या नव्या वस्तूस ‘आमच्या वेळीं हें नव्हतें’ म्हणून झिडकारूं नये, आणि तिच्या नांवाला भुलूनही जाऊं नये. मुलांना विज्ञानाची भाषा येते, आपल्याला थांबून विचारण्याची संवय असते. दोन्ही एकत्र आलीं तर फसवणूक कठिण होते. शुद्ध हवेस स्वतःचा असा वास नसतो. ज्या यंत्रानें खोलींत नवा वास भरला, त्यानें हवेंतून कांहीं काढलें कीं हवेंत कांहीं घातलें, हें पैसे मोजण्यापूर्वीं अवश्य विचारावें.